आजीचा ॲपलसॉस शेवटी जमला

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास ना, ॲपलसॉस कसा केलास ते नीट लिहून पाठव, तर पाठवतोय, पण पत्र लांबणार हे आधीच सांगतो. कारण चार वेळा बिघडला आणि पाचव्यांदा थेट आजीच्या चवीचा झाला, आणि तेव्हा मी चमचा हातात धरून ओट्यापाशी कितीतरी वेळ नुसता उभा होतो.

आजी रेसिपी कशी सांगायची आठवतंय ना तुला, माप म्हणून नाहीच. मी ती एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहून घेतलेली. सफरचंदं, लिंबू, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर मीठ, आणि साखर “चाखून मग”. पाण्याचं नावच नाही! मला वाटलं लिहायचं राहिलं असेल, म्हणून दरवेळी फोडी बुडतील इतकं पाणी घालायचो आणि मग ते आटवत तासभर बसायचो, तोवर वास पण गेलेला आणि चव पण. अरे सफरचंदात 85 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. दीड किलोला अर्धा कप पाणी बास झालं, ते पण एवढ्यासाठीच की सुरुवातीला तळाला लागू नये. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं जाऊ दे, त्यांचं त्यांनाच पाणी सुटतं. आजीला हे इतकं साधं वाटत असणार की सांगायचं तिच्या मनातही आलं नसेल.

सफरचंदं एकाच जातीची घेऊ नकोस. मॅकिंटॉशसारखं मऊ असेल तर लगेच विरघळतं, फुजीसारखं कडक घेतलंस तर फोडी बराच वेळ तशाच राहतात. मी निम्मी आंबट निम्मी गोड घेतो. मधला भाग आणि बिया काढायच्या, पण साल ठेवायची, हे आजीचं अगदी पक्कं होतं. सालीजवळ पेक्टिन भरपूर असतं त्यामुळे सॉस छान धरून येतो, आणि साल लाल असेल तर रंग असा हलका गुलाबी येतो की बघत राहावं. चिरलेल्या फोडींना लिंबू लगेच चोळ, नाहीतर हवा लागून काळ्या पडतात.

वीस-पंचवीस मिनिटांत फोड डावाने दाबली की फुटते. मधेमधे तळापासून ढवळत राहा, आणि जरा जपून, घट्ट झाला की रटरटतो आणि उडालेला थेंब हातावर जोरात भाजतो. दालचिनी काढून टाक आणि गरम असतानाच चाळणीतून डावाने घासून गाळ, साली वर राहतात. मिक्सर अजिबात नको, मी एकदा लावला तर सगळा फेसाळ, गुळगुळीत लगदा झाला, आजीच्या सॉसमध्ये दाताखाली थोडा रवाळपणा असायचा आणि मला विचारशील तर सगळी मजा त्यातच आहे.

साखर अगदी शेवटी. चाखून बघ, मला या खेपेला दोनच चमचे लागली. थोडा पातळ वाटला तरी आटवू नकोस, गार झाला की घट्ट होतो.

फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात राहतो. केकमध्ये तेलाऐवजी थोडा घालून बघ, केक मऊ होतो, पण मला मात्र वाटीत घेऊन नुसताच आवडतो, कोमट.

तुझ्यासाठी एक बरणी फ्रीजरमध्ये ठेवलीय, वर बोटभर जागा सोडून, कारण गोठल्यावर फुगतो. तेवढं कधी येतोस ते आदल्या दिवशी कळव, वितळायला रात्रभर खाली फ्रीजमध्ये काढून ठेवावी लागेल.

तुझाच