स्मार्ट मग घेताना स्टील नव्हे, बूड तपासा

संपादक महोदय,

बॅटरीवर पेय गरम ठेवणाऱ्या, तापमान दाखवणाऱ्या महागड्या स्मार्ट मग-बाटल्यांच्या जाहिरातींत स्टीलच्या ग्रेडचाच गाजावाजा असतो. ३०४ ग्रेडच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, म्हणून ते खारट द्रवाला जास्त दाद देत नाही. चहा, कॉफी, पाण्याला ३०४ पुरते.

खरी ओढाताण बुडाशी असते. दुहेरी भिंतीतली निर्वात पोकळी आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तशीच हीटरचीही आत येऊ देत नाही. त्यामुळे हीटर आतल्या भांड्यालाच चिकटवावा लागतो आणि तिथे पोकळी ठेवता येत नाही. हीटर बंद झाला की असा मग साध्या थर्मासपेक्षा लवकर निवतो. त्याखालीच बॅटरी. बहुतेक लिथियम सेल ६० अंशांपर्यंतच वापरायचे असतात, चार्जिंग तर ४५च्या आत. मगात उकळते पेय ठेवून चार्जिंग केले की सेलचे आयुष्य घटते.

आता हिशेब. ३०० मिलीलिटर कॉफी २० अंशांनी तापवायला सुमारे ७ वॉट-तास (ऊर्जेचे माप) लागतात. ३.७ व्होल्टच्या २००० एमएएच सेलमध्ये असतात ७.४, आणि वाटेत वाया जाणारी उष्णता वेगळीच. म्हणजे एवढ्या बॅटरीचा मग गरम पेयाची ऊब टिकवील. गार झालेले तापवील, ही आशा नको.

तापमान दाखवणाऱ्या झाकणाचा सेन्सर झाकणाखाली असतो. बाटली अर्धी झाली की तो पेयाऐवजी वरची हवा मोजतो, आकडा कमी दिसतो आणि जीभ भाजते. यूव्ही-सी, म्हणजे जंतू मारणारा अतिनील प्रकाश सोडणाऱ्या, झाकणाचा प्रकाश पोहोचेल तिथलेच जंतू मरतात. गॅस्केटच्या, म्हणजे झाकणाच्या रबरी रिंगच्या, खाचेतला बुरशीचा थर ब्रशनेच काढावा लागतो. पाण्यात विरघळलेली रसायनेही या प्रकाशाने जात नाहीत. आयपी६७ या जलरोधक दर्जाची चाचणी १ मीटर साध्या पाण्यात ३० मिनिटे होते, डिशवॉशरच्या गरम, साबणाच्या फवाऱ्यात नव्हे.

उत्पादकांनी खोक्यावर बॅटरीचे वॉट-तास, सेन्सरची जागा आणि सेल बदलता येतो की नाही, एवढे छापावे. डिंकाने बंद केलेले बूड सडपातळ दिसते, पण ते न फोडता आत हात जात नाही. सेल संपला की शाबूत स्टीलसकट मग टाकावा लागतो. स्क्रू आणि रबरी रिंगचे बूड थोडे जाड होईल. होऊ दे.

— एक वाचक