रविवारच्या बैठकीची आठवण: विषय जोन स्कॉट

मंडळी, रविवारी संध्याकाळी ५ ला विश्रामबागला नेहमीच्या जागी जमायचंय, यावेळी जोन स्कॉट, जेंडरचा, म्हणजे समाज बाई-पुरुष कसं ठरवतो त्याचा, इतिहास लिहिणाऱ्या अमेरिकन इतिहासकार. बाईंची सुरुवात कामगारांपासून झाली, फ्रान्समधल्या कार्मो गावच्या काच कामगारांवर १९७४ ला पुस्तक, मग इतिहासकार लुईस टिलींबरोबर बायकांचं काम आणि कुटुंब यावर १९७८ ला, पुढं अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात बायकांवरच्या संशोधनाचं पेम्ब्रोक सेंटर उभं केलं, १९८५ ला प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या संशोधन संस्थेत गेल्या.

आपण वाचणार तो १९८६ चा जेंडरवरचा लेख. सोपा नाहीये, पण नेटानं वाचाच. म्हणणं असं की नुसती बायकांची नावं इतिहासात घालून भागत नाही, बाई कशाला म्हणायचं पुरुष कशाला म्हणायचं हे त्या त्या काळात कसं ठरतं आणि त्याच्या जोरावर सत्ता कशी चालते ते बघायला पाहिजे. मला वाचताना आजी आठवली, मार्केट यार्डात हळद निवडायला जायची, रात्री भाकरी मोडताना पण बोटं पिवळीच, आणि बाबांच्या शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय काय तर 'घरकाम'. तुमच्या घरात असा एखादा जुना कागद असला तर नक्की घेऊन या.

झेरॉक्स कुणाला हव्यात ते शुक्रवारपर्यंत इथंच सांगा.