गुरुवारच्या प्रार्थनेतल्या सगळ्यांना मनापासून थँक्यू
नावं लिहू नको असं तुम्हीच सांगितलंय म्हणून लिहीत नाही, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही. आपल्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीच्या सणाचा हिशोब माझ्याकडे होता, धान्य-भाजीच्या लिलावाचे पैसे घरीच डब्यात होते आणि नेमकं त्याच आठवड्यात आईला ॲडमिट करावं लागलं, रात्री डिपॉझिट भरायला त्यातले १४ हजार उचलले, कुणाला न विचारता. पगार झाला की ठेवू म्हणत दोन महिने गेले, उपासनेत मान वर करून बसवेना.

शेवटी गुरुवारी सांगून टाकलं. कोणी ओरडलं नाही, पण कोणी "जाऊ दे गं" पण म्हटलं नाही, हे मला फार मोठं वाटतं. एक जण म्हणाले गुपचूप भरून टाक, दुसऱ्या म्हणाल्या पैसे मंडळीचे आहेत तर मंडळीला कळायला हवं. मग बायबलमधल्या लूक १९ मधला जकातदार जक्कय वाचला, तो उभा राहून सगळ्यांदेखत चौपट परत देतो म्हणाला तो भाग, आणि बराच वेळ सगळे गप्प. कोणी काही लादलं नाही, मीच म्हटलं, कमिटीसमोर सांगते.

काका दुसऱ्या दिवशी घरी आले, रात्री अकरापर्यंत एकेक पावती माझ्यासोबत जुळवली आणि कमिटीत माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसले. मावशी आठ दिवस आईसाठी मऊ भात न् वरणाचा डबा आणत होत्या, एकदाही पैशांचा विषय नाही. काका, दोन हजाराचे दोनच हप्ते राहिलेत आता.