रेड वाईन उगाच जपून ठेवू नका

संपादक साहेब, नमस्कार,

रविवारच्या पुरवणीतला वाईनवरचा लेख वाचला, छान होता, पण 'रेड जितकी जुनी तितकी भारी' हे काही पटलं नाही हो. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या महागड्या बाटल्यांचं ठीक आहे, आपल्या नाशिककडच्या छोट्या वायनरीच्या बहुतेक रेड तीन-पाच वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, खरी गंमत वयात नाही, बनवण्यात आहे.

इगतपुरीजवळ मुकणे धरणाच्या बाजूला व्हॅलोने म्हणून लहानशी वायनरी आहे, त्यांची मालबेक द्राक्षाची रेड मिळाली तर घ्याच. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सचं, नाव कमावलं अर्जेंटिनात मेंडोझाला.

लेखात बनवण्याबद्दल दोनच ओळी होत्या, म्हणून सांगतो. रेडचा रंग येतो सालीतून, आतला रस बहुतेक काळ्या द्राक्षांचाही पांढुरकाच असतो. म्हणून द्राक्षं चुरून सालींसकट आंबवतात, गॅस सुटला की साली वर येऊन जाड थर बसतो, तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायचा नाहीतर वरून सुकतो आणि व्हिनेगरचा वास धरतो, शिवाय टाकी साधारण 25 ते 30 डिग्रीत ठेवायची. छोट्या टाकीत हे काम हाताने होतं, आणि साली कधी काढायच्या ते रोज चाखून ठरवता येतं, उशीर झाला की तुरटपणा जिभेला चिकटतो. पुढे कच्च्या सफरचंदातलं मॅलिक आम्ल मोडून दह्यातलं लॅक्टिक होतं, वाईन मऊ पडते. मग मुरायला ओक लाकडाचं पीप, बहुतेक 225 लिटरचं. नवं पीप जास्त झालं की नुसता व्हॅनिलाचा वास, द्राक्ष गायब! मला तरी जुनं पीप वापरणारे आवडतात.

आता आपल्या इंदूरचं. मे महिन्यात पारा 42-43 ला, आणि दुकानात बाटली शोकेसमध्ये ट्यूबलाईटखाली उभी, कॉर्क सुकतो, वाईन अक्षरशः शिजते. मी घेतलेली एक तर चक्क जॅमसारखी लागली, दुकानदार म्हणे भैया रेड अशीच असते. तुमच्या लेखातलं 'रूम टेंपरेचर' पण इथे चालायचं नाही, 16-18 डिग्री हवं, म्हणजे उन्हाळ्यात प्यायच्या आधी काही वेळ फ्रीजमध्ये. आणि झणझणीत रस्स्यासोबत तुरट रेड नको, तिखट अजून चढतं.

पुढच्या पुरवणीत बाटलीवरचं वर्ष कसं बघायचं आणि दुकानात कुठे ठेवलेली बाटली घ्यायची नाही, एवढं तरी छापा.

एक वाचक, सुदामा नगर, इंदूर