मंत्रिमहोदय, वळणापलीकडची गाडी आम्हाला कधी कळणार?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी चोर्ला घाटात, दाट धुक्यात, वळणावरून आलेला ट्रक माझ्या धाकट्या भावाच्या टॅक्सीवर आदळला. उजव्या पायाची दोन हाडे मोडली. टॅक्सीत नियमाप्रमाणे ट्रॅकर आणि संकटात मदत मागायचे लाल बटण होते. दाबले त्याने. नेटवर्कच नव्हते. मागून आलेल्या भाजीच्या टेम्पोवाल्याने त्याला साखळीला आणले.

दोन वर्षांपूर्वी आम्हा टॅक्सीमालकांच्या बैठकीत तुम्ही म्हणालात, हे ट्रॅकरचे यंत्र बसवा, गाड्याच एकमेकींना सावध करतील. टॉवर नाही तिथे कसे, असे मी उठून विचारले. तुम्ही म्हणालात, बघू.

साहेब, हे यंत्र मोबाईलच्या सिमवरून दूरच्या सर्व्हरला गाडीचा ठावठिकाणा कळवते. समोरच्या गाडीला ते एक अक्षर सांगत नाही. गाड्यांचे आपसातले बोलणे ही निराळीच गोष्ट. ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरींवर गाडी आपली जागा, वेग, दिशा सेकंदाला साधारण दहा वेळा आसपासच्या गाड्यांना थेट कळवते. टॉवर लागतोच असे नाही. सगळ्यांनी एकदम बोलून गोंधळ होऊ नये म्हणून प्रत्येक गाडी आधी सेकंदभर ऐकते, रिकामी वेळ हेरते आणि ती आपल्यासाठी धरून ठेवते. चढणाऱ्याला वाट देणारे आमचे ड्रायव्हर वेगळे काय करतात? डोंगर आड आला की ही लहर अडते, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच अवघड वळणांवर खांब आणि निरोप पुढे देणारे यंत्र उभारा. अमेरिकेने या कामासाठी लहरी १९९९ सालीच राखून ठेवल्या होत्या.

भावाच्या टॅक्सीचा हप्ता आता मी भरतोय. आई रात्री दोनदा उठून त्याचा पाय बघते. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. प्रत्येक घरात अशीच कोणीतरी उठून बसत असेल. ट्रॅकरच्या यंत्राचे पैसे आमचे, रिचार्ज आमचा, आणि ते बंद दिसले की आमचे पासिंग अडते. घाटात नेटवर्क नाही म्हणून आजवर कोणाचे काय अडले, तेवढे लेखी कळवा.

आपला,
केरी-सत्तरीचा एक टॅक्सीमालक