हुकूमशहाची मतं आणि सरांचा लाल शेरा

मा. संपादक,

माझी नात अकरावीला आहे. तिला कॉलेजात प्रोजेक्ट होतं, एक काल्पनिक हुकूमशाही देश घ्या आणि त्याच्या निवडणुकांचा इतिहास लिहा. पोरीने रात्री जागून लिहिलं, आधी चार पक्ष, मग एकच, मग नुसतं हो की नाही, आणि शेवटी साहेबांना १०० टक्के मतं. सरांनी लाल पेनाने शेरा मारला, "अतिशयोक्ती टाळा".

अहो, पोरीने तर हात राखूनच लिहिलंय! इराकमध्ये २००२ ला सद्दामसाठी मतदान झालं, मतदार १ कोटी १४ लाखांवर आणि सगळ्यांचं हो, म्हणजे एकही आजारी नाही, एकही लग्नाला गेलेला नाही. लायबेरियात १९२७ ला मतदार होते साधारण १५ हजार आणि अध्यक्ष किंग यांना मतं पडली सव्वादोन लाखांच्या वर, आता बोला. शेजारी पाकिस्तानात १९८४ ला लष्करशहा झियांनी विचारलं काय, तर कायदे इस्लामप्रमाणे करतोय ते पटतंय का, आणि हो म्हटलं की साहेब ५ वर्षं अध्यक्ष. नाही म्हणायची कुणाची छाती होणार? आणि अझरबैजानमध्ये २०१३ ला मतदानाच्या आदल्या दिवशीच निवडणूक आयोगाच्या मोबाइल ॲपवर निकाल आला, अध्यक्ष अलीयेव यांना ७२.७६ टक्के, मग म्हणे ती टेस्टिंग होती.

आमच्या कट्ट्यावरचे एक काका म्हणाले की १९६३ ला आपल्या नाशकातून यशवंतरावही बिनविरोधच लोकसभेत गेले की. गेले ना, पण तेव्हा फॉर्म भरायला कुणाला बंदी नव्हती, समोर कुणी उभंच राहिलं नाही, दोन्ही एका मापाने कसं मोजणार.

मला विचाराल तर ९९ टक्के हा आकडा कुणी खरा मानावा म्हणून नसतोच, घरी बसून कुरकुरणाऱ्याला वाटावं की आपण एकटेच आहोत, त्यासाठी असतो. पूर्व जर्मनीत सरकारी उमेदवारांची यादी छापलेला कागद घ्यायचा, घडी घालायची आणि तसाच पेटीत टाकायचा की झालं हो, नाही म्हणायचं तर नावं खोडायला हवीत, म्हणजे कुणी आडोशाला जाऊन पेन काढलं की बघणाऱ्यांच्या लक्षात आलंच. पण ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत तिथली साधी माणसं मतमोजणीला जाऊन उभी राहिली आणि नाहीची मतं स्वतः वहीत मांडत गेली. रात्री सरकारने ९८.८५ टक्के हो जाहीर केले आणि यांच्या वह्यांशी ते जुळेनात, मग दर महिन्याच्या ७ तारखेला त्यावरून निदर्शनं सुरू झाली, आणि नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. नुसत्या वह्यांनी पडली असं मी म्हणत नाही, कारणं बरीच होती.

नातीने आता प्रोजेक्टमध्ये वह्यांचं एक पान वाढवलंय, १०० टक्के मात्र तसेच ठेवलेत. सर तुमचा पेपर वाचतात असं ती म्हणते म्हणून हे पत्र, जमलं तर सोमवारच्या आत छापा, सबमिशन आहे.

एक आजोबा, इंदिरानगर, नाशिक