आमचा अर्ज परत पाठवल्याबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

आमच्या वस्तीच्या पायऱ्यांच्या कामाला तुम्ही दिलेल्या अनुदानाचा हिशेब, पावत्या, उपयोगिता प्रमाणपत्र आणि फोटो असं सगळं मागच्या महिन्यात तुमच्या कार्यालयात पोचलं. अहवालाच्या नमुन्यात आभारासाठी दीड ओळीची जागा होती. माझं म्हणणं तिथे मावेना, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आमच्यासारखी माणसं आज कुठेतरी एखाद्या छोट्या अनुदानाचा अर्ज भरत बसली असतील. त्यांच्याही नजरेला पडावं.

सगळ्यात पहिले आभार पैशांसाठी नाहीत. आमचा पहिला अर्ज तुम्ही परत पाठवलात, त्यासाठी आहेत.

तो अर्ज मला अजून पाठ आहे. 'वस्तीच्या पायऱ्यांचे सुशोभीकरण' असं त्याचं शीर्षक होतं. वरच्या टोकाला कमान, कमानीवर नाव, दोन्ही बाजूंना कुंड्या आणि भिंतीवर रंगवलेली चित्रं. आम्ही पाच जणांनी चार रात्री बसून तो लिहिला होता. अनुदान देणाऱ्यांना जे दिसेल, ज्याचा फोटो चांगला येईल, तेच मागावं अशी आमची समजूत होती. त्याआधी दुसऱ्या एका कार्यालयाने आमचा प्रस्ताव एका ओळीत नाकारला होता आणि कारण विचारायला गेलो तर कुणी भेटलंच नव्हतं. म्हणून तुमच्याकडून पाकीट परत आलं तेव्हा दोघांनी ते उघडायचंही नाही म्हटलं. मी उघडलं. आत आमचाच अर्ज होता आणि समासात तुमच्या अक्षरात चार प्रश्न:

रात्री इथून कोण जातं?
सगळ्यात जास्त कोण घसरतं?
ही जागा कुणाच्या मालकीची?
दोन वर्षांनी याची देखभाल कोण करणार?

खाली तुमचा नंबर आणि 'उत्तरं घेऊन बोलू या' एवढं वाक्य.

नंतर तुम्ही स्वतः आलात, तेही संध्याकाळी, अंधारून यायच्या वेळी. दिवसा आला असतात तर आम्ही तुम्हाला कमानीची जागा दाखवली असती. अंधारात ती दिसतच नव्हती. तुम्ही भिंतीला हात लावून उतरायला लागलात आणि सोळाव्या पायरीवर तुमचा पाय अडखळला. मग पिशवीतून टेप काढून तुम्ही एकेक पायरी मोजायला लावलीत. कुठे चढ तेरा सेंटीमीटर, कुठे एकवीस. जन्मापासून आम्ही त्या 41 पायऱ्या चढतो-उतरतो आहोत, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर पायाला अंदाज येतो आणि पुढे पाऊल न बघता त्याच अंदाजाने टाकलं जातं, त्यामुळे मधलीच एखादी पायरी उंच किंवा बुटकी निघाली की माणूस कोसळतो, हे तुम्ही तिथेच उभ्या राहून समजावलंत. आम्ही इतकी वर्षं शेवाळाला दोष देत होतो.

त्याच वेळी मधल्या घरातल्या आजी दारात आल्या. तुम्ही त्यांना विचारलंत, "आजी, वर रस्त्यावर कधी जाता?" त्या म्हणाल्या, "दिवस असेपर्यंत. त्यानंतर मी घरातच." आम्ही त्यांना रोज बघतो, पण हे त्यांना आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या अर्जाचं शीर्षक होतं 'पायऱ्यांची दुरुस्ती, रेलिंग आणि सहा दिवे'. कमान गेली, कुंड्या गेल्या. एका सदस्याला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं मलाही. पण त्या शीर्षकावर वस्तीतल्या 63 पैकी 58 घरांनी सह्या केल्या. कमानीच्या अर्जावर सह्या होत्या बावीस.

आता पैशांबद्दल. अनुदानाइतकाच वाटा वस्तीने उचलावा ही अट वाचून आम्ही हातपाय गाळले होते. लोकवर्गणीतून एवढी रक्कम उभी राहणं शक्य नव्हतं. तेव्हा तुम्ही सिएटलची गोष्ट सांगितलीत. अमेरिकेतल्या त्या शहराने 1988 मध्ये वस्त्यांसाठी एक निधी सुरू केला. शहर जेवढं देईल तेवढाच वाटा रहिवाशांनी घालायचा, पण तो रोख असावा अशी सक्ती नाही. श्रमदानाचे तास, मिळालेलं साहित्य, कुणा जाणकाराने फुकट दिलेलं काम, हे सगळं वाटा म्हणून धरलं जातं. तिथल्या एका पुलाखाली मुठीत खरी मोटार धरून बसलेला काँक्रीटचा राक्षस आहे, 1990 मध्ये उभा राहिलेला, आणि त्यालाही याच निधीचा हातभार होता, हे ऐकून आमच्या बैठकीला आलेली मुलं हरखून गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन घरोघर गेलो. पैसे किती द्याल, हा प्रश्न नव्हताच. तुम्हाला काय येतं, एवढंच विचारलं. दोन गवंडी निघाले, एक वेल्डर, एक वीजतंत्री, हिशेब ठेवणाऱ्या एक निवृत्त बाई आणि रविवारी मोकळे असलेले चाळीसेक हात. या माणसांकडे आजवर सगळे वर्गणी मागायलाच गेले होते, आणि दार उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर ती ओढाताण स्पष्ट दिसायची. त्या दिवशी ते चेहरे बदलताना मी पाहिले. वेल्डरदादांनी तर वहीत नाव लिहून झाल्यावर घरातून सपाटी तपासायची लेव्हल आणून दाखवली. श्रमदानाचा तास न् तास आम्ही सहीसकट नोंदवला आणि त्याचं मोल तुम्ही आमच्या वाट्यात धरलंत. कागदावर ही एका अटीची पूर्तता असेल. वस्तीत मात्र त्यामुळे कुणी दाता आणि कुणी याचक उरलं नाही.

बाकीच्या अडचणी तुम्ही किती शांतपणे सोडवल्यात. आमच्या मंडळाची नोंदणी नव्हती, म्हणून बँकेत खातं नव्हतं. तुम्ही एका नोंदणीकृत संस्थेशी गाठ घालून दिलीत आणि रक्कम त्यांच्या खात्यातून, आमच्यातल्या दोघांच्या सहीने खर्च करायची असं ठरलं. जागेच्या मालकाचं लेखी संमतीपत्र घेतल्याशिवाय पहिली कुदळ मारायची नाही, यावर तुम्ही ठाम राहिलात. तेव्हा मला ते जाचक वाटलं होतं. काम अर्ध्यावर असताना एक गृहस्थ अडवायला आले तेव्हा तोच कागद उपयोगी पडला.

आणि पहिला हप्ता आधी दिलात. हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आधी खर्च करा, बिलं आणा, मग पैसे देतो, असा नियम ज्या अनुदानाला असतो ते अनुदान ज्यांच्या गाठीशी आधीच पैसे आहेत त्यांनाच मिळतं. आमच्यासारख्यांनी सिमेंट उधार आणायचं तरी कुणाच्या भरवशावर? छोटी रक्कम देणाऱ्या प्रत्येक संस्थेने या एका गोष्टीचा विचार करावा असं मला कळकळीने वाटतं. रक्कम छोटी असायला हरकत नाही. पर्यावरणाच्या कामांना देशोदेशी पैसा पुरवणाऱ्या 'जागतिक पर्यावरण सुविधा' या निधीचा लघु अनुदान कार्यक्रम 1992 पासून चालू आहे आणि त्यात बरीच वर्षं साधारणपणे 50,000 डॉलरपर्यंतची मदत थेट स्थानिक गटांना मिळत आली. बोस्टनमध्ये 2009 साली सुरू झालेल्या एका उपक्रमात तर काही माणसं स्वतःच्या खिशातून थोडे थोडे पैसे घालून दर महिन्याला 1,000 डॉलर एखाद्या चांगल्या कल्पनेला देतात. छोट्या पैशातही मोठं काम होतं, फक्त तो वेळेवर हातात पडायला हवा.

पायऱ्यांचं काम अकरा रविवार चाललं. ते सगळं सांगत बसत नाही, फक्त पाणी मारण्याबद्दल सांगते, कारण पुढचं सारं त्यातूनच उभं राहिलं. काँक्रीट ओतलं की काम झालं असं आम्हाला वाटत होतं. गवंडीकाकांनी बजावलं की खरं काम आता सुरू होतं. निदान सात दिवस ते सतत ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर वरून टणक दिसेल आणि आतून कच्चं राहील. पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात. मग गोणपाटं अंथरली आणि घरांना पाळ्या लावल्या. सकाळी दोन घरं, दुपारी दोन, रात्री दोन. पाळीचा कागद आजींच्या दाराला चिकटवला, कारण त्यांचं दार बरोबर मध्यावर आहे. एका दुपारी पाळीचं घर विसरलं तर आजींनी शाळेतून येणाऱ्या मुलांच्या हाती तांब्ये दिले.

सात दिवस संपले आणि तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर दाराला चिकटवलेलं आम्हाला दिसलं. अर्जात आम्ही लिहिलं होतं, 'देखभाल मंडळ करील.' त्या वाक्याला काही अर्थ नव्हता हे तुम्हालाही ठाऊक असणार. तो पाळीचा कागद मात्र खरा होता. आम्ही तोच पुढे चालू ठेवला. आता दर महिन्याला सहा घरं. त्यांनी पायऱ्या झाडायच्या, शेवाळ धरलं असेल तर घासायचं, रेलिंगचे जोड हलवून बघायचे, गंजाचा ठिपका दिसला तर खरवडून प्रायमर लावायचा, दिवे लागतात का बघून वहीत नोंद करायची. ज्या घरात फक्त म्हातारं माणूस आहे त्याने वही सांभाळायची. पाळी चुकवली तर दंड नाही, पुढच्या महिन्यात पुन्हा पाळी. हे नियम आम्ही पायऱ्यांवरच बसून ठरवले आणि त्यातले दोन नंतर बदललेही.

एलिनोर ऑस्ट्रॉम यांचं नाव तुम्हीच मला सांगितलंत. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या महिला. कुरणं, जंगलं, पाटाचं पाणी अशा सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी लोक वर्षानुवर्षं कशा टिकवतात याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. वापरणाऱ्यांनी नियम स्वतः ठरवले, नियम त्या जागेला साजेसे असले आणि लक्षही आपल्यातलंच कुणी ठेवत असलं तर ती गोष्ट टिकते, असं त्यांना जागोजागी दिसलं. मी हे वाचलं तेव्हा आमची वही भरायला लागून तीन महिने झाले होते. डोळ्यांत पाणी आलं. आपण जे चाचपडत केलं त्याला कुणीतरी इतक्या मानाने पाहिलं आहे, याचा तो आनंद होता.

एक विनंतीही करते. अंदाजपत्रकाच्या नमुन्यात साहित्य, मजुरी, वाहतूक असे रकाने आहेत, देखभालीचा नाही. दुसऱ्या हप्त्यातून थोडी रक्कम उरली तेव्हा नियमाप्रमाणे ती परत करायची होती. तुम्ही वर विचारून, लेखी परवानगी आणून त्यातून दोन जादा दिवे आणि प्रायमरचा एक डबा घ्यायला दिलात. आम्हाला तुम्ही भेटलात म्हणून हे झालं. हा रकाना नमुन्यातच आला तर तुमच्यासारखं माणूस न भेटलेल्या वस्तीलाही त्याचा आधार होईल. जे बांधलं ते मोडणारच आहे, हे पहिल्या दिवशी मान्य करणारा कागद हवा.

तुमच्या टेबलावर असे किती अर्ज येत असतील आणि प्रत्येकासाठी संध्याकाळी टेप घेऊन निघणं तुमच्या कामात कुठेही लिहिलेलं नसेल, याची मला कल्पना आहे. आमच्यासाठी तुम्ही निघालात. वस्तीतल्या 63 घरांच्या वतीने, आणि सही न केलेल्या त्या पाच घरांच्याही वतीने, कारण ती आता पाळीत आहेत, तुमचे मनापासून आभार.

आपली,
मंडळाची चिटणीस

ता. क. : मागच्या आठवड्यात वरून तिसरा दिवा गेला. वहीत दोन नोंदी आहेत. 'रात्री 8, दिवा बंद', आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'रात्री 9:20, बदलला. आजी वरून परत येत होत्या, त्यांच्यासाठी तोवर बॅटरी धरली.'